गोगलगाय आणि पोटात सूर्य

दिवाळी अंकासाठी लेख मागणारे संपादकांचे पत्र दरवर्षी श्रावणात येते, आणि त्यात एक वाक्य दरवर्षी ठरलेले असते : ‘यंदाही काहीतरी खुसखुशीत द्या.’ खुसखुशीत! जणू मी लेखक नसून चकलीचा सोऱ्या आहे. आजवर या हुकुमाबरहुकूम मी प्रवासातल्या फजित्या लिहिल्या, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर लिहिले, सौभाग्यवतीच्या माहेरच्या मंडळींवर लिहून घरात आठ दिवसांचा अबोला ओढवून घेतला. सदराच्या नेहमीच्या वाचकांना हा सारा इतिहास ठाऊक आहे. यंदा मात्र मी एका गोगलगाईवर लिहिणार आहे. तीही शंख नसलेली. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर जी दिसताच घरोघरी मिठाच्या बरणीकडे धाव घेतली जाते, तिची ही लांबची बहीण. पण वाचकहो, हातातली चकली खाली ठेवू नका. ही बहीण समुद्रात राहते, आणि दिसायला अशी गोजिरी आहे की तुमच्या घरातल्या धाकट्याने तिचे चित्र पाहिले तर तो घटकाभर फटाकेसुद्धा विसरेल.

मराठीच्या मास्तराचा आणि समुद्रातल्या या जिवाचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध लाल शाईचा आहे.

आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाला लेखनकौशल्य नावाचा एक विषय असतो. त्यात वीस गुणांचा एक निबंध विद्यार्थ्यांनी घरून लिहून आणायचा. यंदा मी विषय दिला, ‘निसर्गातले एक आश्चर्य’. बासष्ट निबंध आले. त्यांत सत्तावीस मोर होते, आणि ते सत्तावीसही एकाच पिसाऱ्यातून उपटलेले होते. हल्ली यंत्राला विचारले की चहाला आधण यायच्या आत ते निबंध लिहून देते. त्यामुळे आम्हा मास्तरांची नजर पोलिसी झाली आहे. पूर्वी आम्ही निबंधात ऱ्हस्व-दीर्घ पाहत असू; आता आधी हाताचे ठसे पाहतो. अशा मनःस्थितीत रात्री साडेदहाच्या सुमाराला, मोरांची रांग संपता संपता, माझ्या हाती एक निबंध आला. मथळा होता ‘पान-मेंढी’.

लिहिणारा मुलगा मालवणकडचा. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारा. आणि निबंध कसा? तर पहिल्याच परिच्छेदात तो मला जपानच्या पार दक्षिणेकडे, तैवानच्या अंगाला असलेल्या कुरोशिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर घेऊन गेला. या बेटावर म्हणे माणसांपेक्षा गुरेच कितीतरी जास्त. तिथल्या समुद्रातल्या एका गोगलगाईला १९९३ मध्ये शास्त्रीय नाव मिळाले ते त्या बेटावरूनच, कोस्टासिएला कुरोशिमे. लांबी ५ ते १० मिलिमीटर. म्हणजे साबुदाण्याचे दोन-तीन दाणे ओळीने ठेवावेत तेवढी. तोंडावर मोहरीहून बारीक असे दोन काळे डोळे, अगदी जवळजवळ. त्यांच्या वर मेंढीच्या कानांसारखे दोन अवयव. पण ते कान नव्हेत, पाण्यातला वास टिपणारी ती शिंगे. आणि पाठीवर कोरफडीची रोपे दाटीने लावावीत तशी हिरवी, टोकाला गुलाबी झाक असलेली पानेच पाने. ही पान-मेंढी समुद्रातल्या शेवाळावर चरते. गुराढोरांच्या बेटाने आपले नाव शेवटी एका मेंढीलाच दिले, असे त्या मुलाने लिहिले होते. मी भुवया वर केल्या. हे वाक्य माझ्या वर्गातल्या मुलाचे?

पुढे तर त्याने चोरीची गोष्टच सांगितली होती. ही गोगलगाय शेवाळ खाते, पण आपण भाजी खातो तशी नव्हे. तिच्या जिभेवर एकापुढे एक अशी एकेरी दातांची माळ असते. त्यातल्या एका दाताने ती शेवाळाच्या पेशीला भोक पाडते आणि आतला रस शोषून घेते. शहाळ्याला टोचा मारून पाणी प्यावे तशी. तिच्या गोतातल्या इतर कितीतरी गोगलगाई असेच करतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापासून खाली फ्लॉरिडापर्यंत, खाऱ्या दलदलीत एलिशिया क्लोरोटिका नावाची एक गोगलगाय आहे. १८७० साली गूल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. ती व्हॉशेरिया नावाच्या तंतूसारख्या शेवाळावर जगते. या शेवाळाचा तंतू म्हणजे पेरे नसलेला ऊस. आत पडदेच नाहीत, सगळी एकच लांब नळी. एका भोकातून घोटामागून घोट रस मिळतो. त्या रसात शेवाळाची हरितलवके असतात. हरितलवक म्हणजे वनस्पतीचे स्वयंपाकघर. सूर्याच्या उजेडावर पाणी आणि हवेतला वायू यांची साखर बनते ती तिथे. गोगलगाय बाकीचे सारे पचवते, हरितलवके मात्र पचवत नाही. आतड्याच्या भिंतीतल्या पेशींमध्ये ती जशीच्या तशी जपून ठेवते. तिचे आतडेही झाडाच्या मुळांसारखे अंगभर पसरलेले. त्यामुळे सगळे अंगच हिरवे होते. अंडे फुटून बाहेर पडल्यावर ती काही दिवस पाण्यात तरंगते, मग शेवाळावर उतरून रूप पालटते. तेव्हा ती तपकिरी असते, अंगावर तांबडे ठिपके असतात. शेवाळ पोटात जाऊ लागले की हिरवा रंग चढतो. वाढल्यावर दोन्ही अंगांच्या झालरी पसरून ती उन्हात पडली की पिंपळाचे पान गळून पाण्यात पडले आहे असेच वाटावे, शिरांसकट! प्रयोगशाळेत अशा गोगलगाई अन्नावाचून, नुसत्या उजेडात, आठ-नऊ महिने जगल्या. त्यांचे सारे आयुष्यच मुळी अकरा महिन्यांच्या आसपास.

शास्त्रज्ञांनी या प्रकाराला जे नाव दिले आहे त्यातच चोर बसला आहे. क्लेप्टोप्लास्टी, ग्रीक भाषेत ‘क्लेप्टिस’ म्हणजे चोर. मी मनाशी म्हटले, हरितचौर्य! आणि लगेच दुसरा शब्द मनात उभा राहिला, जो आम्हा भाषेच्या मास्तरांच्या तोंडात जरा जास्तच घोळतो : वाङ्मयचौर्य. चोरीवरचा हा निबंध चोरीचा आहे, याविषयी माझी खात्री झाली. असल्या योगायोगात मास्तराला जो आनंद होतो तो, खरे सांगतो, चांगला निबंध वाचूनसुद्धा होत नाही.

मी लाल पेन उचलले. समासात लिहिले, ‘भाषा तुमची नाही. मूळ कोठले?’ वीसपैकी चार गुण दिले, तेही अक्षराला. आणि मग सवयीने उरलेल्या निबंधातून लाल पेन फिरवत गेलो. शेवटच्या पानावर ‘सुकती’ असा शब्द होता. तो खोडून वर लिहिले, ‘ओहोटी म्हणा.’ ‘खडप’ होता; तिथे लिहिले, ‘खडक’. ‘प्रमाण भाषा वापरावी’ अशी तळटीप दिली, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावले. म्हटले, “हे कुठून उतरवलंस?” तो म्हणाला, “सर, वाचलं बऱ्याच ठिकाणी. पण लिहिलंय मीच.” “इंग्रजीत वाचलंस?” “हो सर. शब्दकोश घेऊन.” माझ्या चेहऱ्यावर काय उमटले असेल ते त्याने पाहिले असावे, कारण त्याने पुढे एक अक्षर काढले नाही. वही उचलली, ‘येतो सर’ म्हणाला आणि गेला. चार दिवसांवर गणपती आले होते. कोकणातली पोरे जशी जातात तसा तोही मिळेल त्या गाडीने गावी गेला. जाताना पिशवीत माझी लाल शाई होती. गुण मी त्याच दिवशी कार्यालयात देऊन टाकले होते.

आता घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमची सौ. शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमचा संसार म्हणजे विज्ञान आणि वाङ्मय यांचे संयुक्त सरकार. अर्थखाते तिच्याकडे, भाषणे माझ्याकडे. तर गणपतीच्या आदल्या दिवशी आवराआवर करताना तिच्या हाती त्या निबंधाची प्रत लागली. (मुलांनी दोन प्रती द्यायच्या, एक दप्तरी राहते, असा नियम आहे, आणि खूणखाण दोन्हींवर करायची, असा माझा.) मी मखराच्या झिरमिळ्या चिकटवीत होतो. ती उभ्या उभ्याच वाचू लागली, मग खुर्चीवर बसली.

“अहो, हा मुलगा कोकणातला का?”

“मालवणकडचा. का?”

“आणि तुम्ही लिहिलंय, भाषा तुमची नाही.”

“नाहीच मुळी. इतकी माहिती त्या पोराला कुठून असणार?”

“मग ही ‘सुकती’ त्यानं कुठल्या साहेबाच्या पुस्तकातून चोरली?”

मी डिंकाचा हात तसाच धरून बसलो. ती शेवटचे पान वाचू लागली. त्यात त्या मुलाने लिहिले होते की त्याची आजी सुकतीला खडपात कालवे काढायला जाई आणि तो तिच्यामागून टोपली घेऊन हिंडे. तेव्हा शेवाळावर नखाएवढे हिरवे, लिबलिबीत काहीतरी त्याने दोन-तीनदा पाहिले होते. आजी म्हणाली होती, हात लावू नको, चिकटेल. ते काय होते हे त्याला अजून माहीत नाही. पण तेवढ्यावरून तो हे सगळे वाचत सुटला.

ज्या निबंधावर मी चोरीचा शिक्का मारला होता, त्यातले जे शब्द निखालस त्याचे होते, त्याच्या आजीच्या तोंडचे होते, तेवढेच नेमके मी खोडले होते.

“पण माहिती तर बाहेरचीच ना?” मी शेवटचा बाण सोडला. सौ. म्हणाली, “वीस वर्षं मी वर्गात हृदयाचे चार कप्पे शिकवते. ते काय मी शोधून काढले?” आणि ती उकडीचे पीठ मळायला निघून गेली. खरे तर मला हे कळायला हवे होते. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून देवलांनी ‘झुंझारराव’ रचले, हे मी दरवर्षी शिकवतो. देवलांना चोर म्हणायची माझी छाती झालेली नाही.

त्या आठवड्यात आरत्यांच्या मधल्या वेळात मी ते सारे वाचून काढायचे ठरवले. सौ.ने कागद काढून दिले, अडले तिथे समजावले. आणि मला आढळले की मुलाने सांगितली त्याहून गोष्ट फार गुंतागुंतीची आहे. चोरावरचा खटला अजून चालू आहे.

पहिला पुरावा १९६५ सालचा. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठातल्या कावागुती आणि यामासू या दोघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशाच एका गोगलगाईच्या पेशी पाहिल्या. तोवर या हिरव्या रंगाविषयी नाना तर्क होते. एखादे सबंध शेवाळ आत वस्तीला असेल, असेही वाटे. या दोघांना दिसले की आत सबंध शेवाळ नाही, नुसती हरितलवके आहेत. म्हणजे घरात भाडेकरू नव्हता, चोरीचा मालच होता. मग पुढच्या चार-पाच वर्षांत हेही दिसून आले की तो माल नुसता पडून राहत नाही. उजेडात तो आपले काम करतो.

इथून खरे कोडे सुरू होते. हरितलवक हे स्वयंपूर्ण नसते. समजा, कुणी दुसऱ्याच्या घरचे जाते पळवून आणले. दळण चार दिवस उत्तम होईल. पण जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावावी लागते, आणि टाकी लावणारा राहिला मूळ मालकाच्या दारी! हरितलवकाचे तसेच आहे. त्याच्याजवळ स्वतःच्या अशा शे-दोनशेच जनुकांची पुंजी. त्याला लागणारी बाकीची, हजारांच्या घरातली प्रथिने शेवाळाच्या पेशीचे केंद्रक पुरवते. उजेडाने हरितलवकाची सतत झीज होते, ती भरून काढावी लागते. गोगलगाईने केंद्रक तर केव्हाच पचवून टाकलेले. मग महिनोन् महिने ते जाते चालते कसे?

अमेरिकेतल्या मेरी रम्फो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक उत्तर जाहीर केले. त्यांच्या मते गोगलगाईने माल तर चोरलाच, शिवाय टाकी लावण्याची विद्याही चोरली; शेवाळाचे एक जनुक तिच्या स्वतःच्या जनुकांत आढळले. प्राण्याने वनस्पतीची विद्या वंशपरंपरेने आपलीशी केली! जगभर गाजावाजा झाला. माझ्या विद्यार्थ्यानेही हेच लिहिले होते, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण गोष्ट फारच सुरेख आहे. पण २०१३ मध्ये रम्फो यांच्याच सहभागाने झालेल्या दुसऱ्या तपासणीत त्या गोगलगाईच्या अंड्यांमधला वारसा पाहिला गेला. विद्या खरोखर वंशात उतरली असेल तर ती अंड्यात दिसायला हवी. ती दिसली नाही. सिडनी पिअर्स यांच्या गटाने पुन्हा सांगितले की आम्हांला एक जनुक गुणसूत्रावर दिसले आहे. तर २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी याच गोतातल्या दुसऱ्या एका गोगलगाईचा सबंध वारसा वाचला आणि त्यात असे काही सापडले नाही. आज पारडे ‘विद्या चोरलेली नाही’ या बाजूला झुकले आहे.

मला या भागात जे फार आवडले ते हे की, ज्यांनी सुरेख गोष्ट सांगितली त्यांनीच अंडी फोडून ती तपासली. आम्ही मास्तर मंडळी एकदा समासात लिहिले की लिहिले.

पुढे जर्मनीतल्या संशोधकांनी तर मुळावरच घाव घातला. २०१४ मध्ये त्यांनी अशा दोन जातींच्या गोगलगाई उपाशी ठेवल्या. काही उजेडात, काही अंधारात, काहींना हरितलवकाचे काम बंद पाडणारे औषध दिले. आणि काय! अंधारातल्याही जगल्या. उजेडातल्या वाळल्या तशाच त्याही थोड्या वाळल्या, इतकेच. म्हणजे सूर्यावर जगणारा प्राणी ही गोष्टही पुरती खरी नव्हे. मग ही हरितलवके काय नुसती शिदोरी? दिवाळीत सौ. लाडवांचा एक डबा पोटमाळ्यावर निराळा ठेवते, नरकचतुर्दशीला पाहुणे आले तरी तो खाली उतरत नाही, आणि मग तुळशीच्या लग्नापर्यंत आम्ही त्यावर चैन करतो. तसला तो प्रकार असावा? असे मी म्हणालो तेव्हा सौ. म्हणाली, “तुम्हांला त्या डब्याचं माहीत आहे?” तेव्हा तो डबा यंदा दुसरीकडे असेल.

पण खटला तिथेही संपत नाही. २०२१ मध्ये पोर्तुगालमधल्या आवेरो विद्यापीठाच्या संशोधकांना भूमध्य समुद्रातल्या गोगलगाईंत असे दिसले की उजेडात हरितलवकांनी बनवलेले अन्न थेट तिच्या प्रजननाच्या अवयवांपर्यंत पोचते आणि पुरेशा उजेडातली गोगलगाय अंडी जास्त घालते. स्वतःला नाही तरी लेकरांना ते ऊन उपयोगी पडतेच. आणि २०२५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातून जी हकीकत आली, ती वाचून मी पाटावरून उठलोच. कॅरिबियन समुद्रातल्या एका जातीत चोरलेले प्रत्येक हरितलवक गोगलगाय एका बारीक पिशवीत ठेवते. त्या पिशवीची प्रथिने शेवाळाची नव्हेत, गोगलगाईची स्वतःची. आतले वातावरण हरितलवकाला मानवेल असे ती पिशवी राखते. म्हणजे टाकी लावणारा तिने पळवून आणला नाही. ती स्वतःच आपल्या हाताने जमेल तशी टाकी लावते! मात्र फारच उपासमार झाली की हीच पिशवी हरितलवक पचवू लागते, आणि हिरवी गोगलगाय हळूहळू नारिंगी होत जाते.

आता सांगा, हिला चोर म्हणायचे की नाही? मी दोन दिवस यावर विचार केला आणि मग लक्षात आले की मला मुळी गोगलगाईचा विचार करायचाच नव्हता.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो. गंमत अशी की शास्त्रातही या प्राण्यांच्या वर्गाला उदरपाद म्हणतात. पोट हाच त्यांचा पाय. ही म्हण मी त्या मुलाच्या बाबतीत मनातल्या मनात वापरली होती : दिसतो गरीब, पण बघा कसा हात मारला! शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या पोटात पायांखेरीज दुसरेही काही असू शकते, हे माझ्या डोक्यात आले नाही.

डोक्यावरून आठवले. निबंधात आणखी एक प्रकार होता. जपानमधल्या नारा महिला विद्यापीठातल्या सायाका मितो या संशोधक विद्यार्थिनीला २०१८ साली प्रयोगशाळेत एक हिरव्या गोगलगाईचे नुसते डोके पाण्यात हिंडताना दिसले. शेजारी धड पडलेले. तिला वाटले, आता हे मरणार. पण डोके हिंडत राहिले, काही तासांत शेवाळ खाऊ लागले. आठवड्याभरात त्याला नवे हृदय फुटले आणि तीन आठवड्यांत सबंध नवे अंग आले! मितो आणि त्यांचे मार्गदर्शक योइची यूसा यांनी २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केले. टाकलेले अंग वजनाने शेकडा ८० हून जास्त. त्यातले हृदय काही दिवस, कधी काही महिने धडधडत राही. पण त्या धडाला नवे डोके काही फुटले नाही. अंगात शिरलेल्या परजीवींपासून सुटका करून घेण्यासाठी ती असे करत असावी, आणि आतडे नसतानाच्या दिवसांत डोक्यातली हरितलवके तिला थोडा हात देत असावीत, असा त्यांचा तर्क आहे. म्हाताऱ्या गोगलगाईंना मात्र हे साधत नाही. त्यांची डोकी काही खात नाहीत, आठ-दहा दिवसांत मरतात. (हे मी मोठ्याने वाचले तेव्हा सौ.ने माझ्या पोटाकडे पाहून सुस्कारा टाकला.)

यावर त्या मुलाने लिहिले होते : ‘राहूचे डोके अमृत पिऊन अमर झाले, पण ते अजून आपले धड शोधत फिरते आणि रागाने सूर्य गिळते. या गोगलगाईने सूर्य आधीच गिळून ठेवला आहे, म्हणून तिला धडाची फिकीर नाही.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्याच्या शेजारी मी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले होते.

गणपती आटोपून कॉलेज उघडले त्या दिवशी मी कार्यालयात गेलो. भाऊसाहेब म्हणाले, “गुण एकदा भरले की बदलत नाहीत सर. अर्ज करा. प्राचार्यांची सही, मग समिती.” मी अर्ज घेतला. त्यात ‘बदलाचे कारण’ म्हणून एक ओळ असते. भाऊसाहेब जुने आहेत, समंजस आहेत. म्हणाले, “बेरीज चुकली असं लिहा. सगळे तेच लिहितात.” चारचे सोळा करायला बेरीज चांगलीच चुकायला हवी! (सोळाच, ऱ्हस्व-दीर्घाचे चार मी कापले. त्यात मी बदलणार नाही.) त्या एका ओळीपुढे मी दहा मिनिटे बसलो. शेवटी लिहिले, ‘विद्यार्थ्याने वापरलेले शब्द परीक्षकास माहीत नव्हते.’ भाऊसाहेबांनी वाचले, चष्मा काढून पुन्हा वाचले आणि अर्ज काही न बोलता पाटाखाली सरकवला.

मुलाला मी जिन्याजवळ गाठले. काय बोलायचे ते मी घरी घोकून आलो होतो, पण प्रत्यक्षात एवढेच म्हणालो, “अरे, तो निबंध तुझाच होता. माझी चूक झाली. गुण बदलायला दिले आहेत.” तो म्हणाला, “ठीक आहे सर.” बस्स. मला काय अपेक्षा होती कोण जाणे. त्याने वाकून नमस्कार करावा अशी होती की काय! तो जायला वळला. काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, “ते शेवाळावरचं हिरवं, तुझ्या लहानपणचं, यंदा दिसलं का रे?”

तो थांबला. “नाही सर. चवथीला सुकती एवढी नसते. खडप सगळं उघडं पडत नाही. अमावास्येला पडतं.” मग क्षणभर थांबून म्हणाला, “दिवाळीत बघेन. आजी आता येत नाही खडपात, गुडघे दुखतात तिचे. पण जागा तिला ठाऊक आहे.”

“मिळालं तर फोटो पाठव,” मी म्हणालो.

“मिळालं तर,” तो म्हणाला.

अर्ज अजून समितीपुढे आलेला नाही. हा लेख तुम्ही वाचाल त्या सुमाराला लक्ष्मीपूजनाची अमावास्या आलेली असेल, आणि तो मुलगा अनवाणी पायांनी, पाणी मागे हटलेल्या खडपात वाकून बघत असेल.